पातळी किती?

४ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून तुमच्या काळजात धस्स झालं असेल, हल्ली पत्र कोण लिहितं, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहोत. पत्र लिहायचं कारण एवढंच, की या घरात दोन फोन आहेत आणि दोन्ही तुमच्या भावाच्या हातात असतात. गेल्या रविवारी तुम्ही माझ्या फोनवर फोन केलात, तेव्हा मी आंघोळीला गेलेय असं त्याने तुम्हाला सांगितलं ना? मी त्याच्या समोर बसून उशीच्या अभ्र्याला बटण लावत होते. फोन माझ्या हातात दिला असता तर म्हणे त्याचं लोखंड सांडलं असतं.

आता लोखंड कसलं ते सांगते. फोनवर एक किल्ला बांधायचा खेळ आहे. फुकट आहे, हे तो दिवसातून दोनदा सांगतो. फुकट ते पौष्टिक. किल्ल्याला पातळी असते. पहिल्या दहा पातळ्या एका रविवारी दुपारी झाल्या, मलाही बरं वाटलं, म्हटलं माणूस रमलाय. पुढच्या दहा पातळ्यांना महिना लागला. आता अडतिसावी चालू आहे आणि एकोणचाळिसावी यायला अजून दहा दिवस. तोवर काय करायचं, तर दर दोन तासांनी खाणीतलं लोखंड उचलायचं, भिंतीला लावायचं, परत उचलायचं. उचललं नाही तर सांडतं, नाहीतर कोणी परका येऊन लुटतो. पैसे भरले तर हे सगळं एका मिनिटात होतं, पण तुमचा भाऊ मानी आहे. एक छदाम न देता चाळिशी गाठणार म्हणतो. माझ्या फोनवर त्याने दुसरा, धाकटा किल्ला उघडलाय. त्याचं काम काय, तर थोरल्या किल्ल्याला लोखंड पाठवायचं. चाळिसाव्यानंतर काय असतं, असं मी त्याला एकदा विचारलं. बराच वेळ विचार करून तो म्हणाला की एक्केचाळिसावी असते.

मी या प्रकाराला दळण म्हणते. झालं का दळण, असं विचारलं की चिडतो. आणि गंमत म्हणजे खेळालाही शिव्या घालतो. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, याला शिव्याच सुचतात. मग खेळतोस कशाला म्हटलं तर म्हणतो, इतकं केलंय ते वाया घालवू का.

एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं, हसले असते. पण ताई, तो पहिल्या पाळीला बॉयलरवर असतो, आणि आमच्या लाँड्रीत बॉयलरची खोली नि आमचा इस्त्री विभाग यांच्यात एकच भिंत आहे. इस्पितळांच्या चादरींचा ढीग एवढा असतो की आम्ही बत्तीस जणी आठ तास मान वर करत नाही. माझं टेबल त्या भिंतीला लागून आहे, पाठीला तिची ऊब लागते. नऊ वर्षं ती ऊब मला बरी वाटायची. हल्ली काम करताना मी मध्येच थांबते आणि भिंतीला कान लावते. बायका हसतात. मला भीती वाटते, हे मी तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

पाय दुखतात का अजून? तेल लावून घ्या, नुसतं ठेवून देऊ नका. तुमच्या मायेची सवय आहे, ती मोडू देऊ नका.

तुमची,
धाकटी


१० फेब्रुवारी

चि. सौ. घडीबाईस,
अ. उ. आ.

पत्राची घडी बघूनच ओळखलं, पाकिटावर नाव बघायची गरज पडली नाही. चारी कोपरे जुळलेले. लग्न होऊन आलीस तेव्हा तू आमचं वर्तमानपत्रसुद्धा इस्त्री केल्यासारखं घडी करून ठेवायचीस, म्हणून मी तुझं हे नाव ठेवलं, ते अगदी बरोबर ठेवलं.

तुझ्या नवऱ्याचं खारू हे नावही मीच ठेवलेलं. सहा वर्षांचा असताना त्याने सोड्याच्या बाटल्यांची झाकणं जमवायला सुरुवात केली. कशाला, ते त्यालाही माहीत नव्हतं. पलंगाखाली तीन डबे भरले, चौथा भरायला घेतला. आईने एक दिवस भंगारवाल्याला सगळी देऊन टाकली, तेव्हा या पठ्ठ्याने अंगणात उभं राहून असा गळा काढला की शेजारचे धावत आले. दुसऱ्या दिवशी विसरला. तेव्हा तूही फार मनावर घेऊ नकोस. माणसाला काही ना काही खूळ असतं. कोणी पत्ते कुटतो, कोणी किल्ले बांधतो. कंटाळेल आणि सोडेल.

पण बॉयलरचं म्हणशील तर एक विचारते. आमचे बाबा तीस वर्षं बॉयलरवर होते आणि मी स्वतः ऑपरेशनच्या खोलीत हत्यारं निर्जंतुक करायचं वाफेचं यंत्र सांभाळून निवृत्त झाले, म्हणून एवढं कळतं. बाबा म्हणायचे, बॉयलरवाल्याची नोकरी एका काचेवर चालते. पुढच्या बाजूला ती उभी नळीसारखी काच असते, आतलं पाणी तिच्यात दिसतं. काचेत पाणी अर्ध्यावर असेल तर जग आपल्या जागेवर आहे. बाबा ते बोटांनी मोजत आणि तुमच्याकडेही बोटांतच लिहितात असं खारूने मला सांगितलं होतं. पाच बोटं म्हणजे ठीक. तीन म्हणजे सावध. दर तासाला काच बघायची आणि वहीत पातळीच्या रकान्यात आकडा लिहायचा. दर पाळीला तोटी उघडून काचेतलं पाणी सोडायचं नि ते चटकन परत चढतं का बघायचं.

तेव्हा डबा द्यायला गेलीस की सहज वही उघडून बघ. पातळीच्या रकान्यात पाच, पाच, साडेचार, पाच असं दिसलं तर निर्धास्त हो आणि त्याला त्याचं लोखंड उचलू दे. त्याला मात्र सांगू नकोस मी विचारलं म्हणून. ताईने बाबांची आठवण काढली की तो दोन दिवस जेवत नाही.

पायांना तेल लावते आहे. तू भिंतीला कान लावायचं सोड, मान आखडेल.

मनापासून तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

वही बघितली. घाईत लिहितेय, अक्षर गोड मानून घ्या.

काल साडेअकराला मी डबा घेऊन गेले. तो बॉयलरसमोर स्टुलावर बसला होता, फोन दाबाच्या तबकडीला टेकवून उभा केलेला. मला बघून हसला, आणि डबा घेऊन हात धुवायला नळावर गेला. मी वही उघडली. वेळ, दाब, पातळी, सही असे चार रकाने आहेत. दुसऱ्या पाळीच्या माणसाचं पान आधी लागलं. पाच, पाच, साडेचार, पाच. मला हायसं वाटलं. मग त्याचं बारा तारखेचं पान काढलं.

आठ वाजता अडतीस. नऊ वाजता अडतीस. दहा, अकरा, बारा, सगळीकडे अडतीस. त्याच्या मागच्या दिवशी अडतीस, त्याच्या मागच्याही. चौदा तारखेला सकाळी अकरापासून एकोणचाळीस, आणि तो पहिला आकडा जरा ठळक काढलेला. त्या दिवशी तो घरी येताना फुलं घेऊन आला होता, ताई. मला वाटलं माझ्यासाठी.

काचेत अडतीस बोटं मावतच नाहीत, ती काच माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढीच आहे. आणि प्रत्येक पानाखाली सुपरवायझरची सही, खाली नागमोडी रेघ मारून. त्यांनी बघितलं नाही असं मी कसं म्हणू? सही करायला पान तर उघडावं लागतंच.

मी काचेला बोटं लावून मोजली. चार भरली नि थोडं वर. म्हणजे पाणी होतं. तो परत आला तेव्हा मी त्याला पान दाखवलं. आधी त्याला कळलंच नाही मी काय दाखवतेय. मग हसला. हात आपोआप लिहितो, म्हणाला. मग हसू थांबलं आणि तो नुसता पानाकडे बघत राहिला. मी त्याचा चेहरा बघत होते. त्याला आठवत नव्हतं, ताई. त्या दिवसांत काचेत किती पाणी होतं ते त्याला खरंच आठवत नव्हतं.

मग नेहमीचं सुरू झालं. पंप आपोआप चालतो, पाणी कमी झालं की स्वतःच ओढतो, वही हा नुसता उपचार आहे. आणि कमी झालंच तर भोंगा वाजेल. भोंगा सहा महिन्यांपासून मुका आहे हे आमच्या लाँड्रीतल्या मांजरालाही माहीत आहे. दुरुस्तीची चिठ्ठी दोनदा दिलीय, असं तो वर मलाच ऐकवतो.

मी काय करू? मॅनेजरला सांगितलं तर त्याचं प्रमाणपत्र जाईल. ते मिळवायला तो तीन वेळा परीक्षेला बसला होता. नाही सांगितलं तर बत्तीस बायका रोज त्या भिंतीशी उभ्या राहतात. शेजारच्या टेबलावरची सहा महिन्यांची गरोदर आहे. ती मला रोज विचारते, बाई, तुम्ही भिंतीत काय ऐकता. इकडे आड तिकडे विहीर, अशी माझी गत झाली आहे.

लवकर लिहा. फोन करू नका, तोच उचलेल.

तुमच्या शब्दाची वाट बघणारी,
धाकटी


२१ फेब्रुवारी

चि. घडीबाईस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून मी फोन केलाच. मला राहवलं नाही. तुझ्या फोनवर केला, अर्थात त्यानेच उचलला. मी त्याला खेळाचं काही विचारलं नाही, सरळ म्हटलं की वहीतली अडतीस बोटं मला माहीत आहेत. तो बाबांची शपथ घेऊन म्हणाला की उद्यापासून कामावर फोन कपाटात ठेवीन आणि किल्ली तुझ्याकडे देईन. शपथ खरी वाटली. महिनाअखेरपर्यंत बघू, असं मी ठरवलं आहे. त्यानंतर तू सांगितलं नाहीस तर मी मॅनेजरला लिहीन. मग त्याने माझं तोंड बघितलं नाही तरी चालेल.

हे बरोबर केलं की चूक, मला ठाऊक नाही. तो माझ्या मांडीवर वाढलेला आहे. दुसऱ्या कोणाचा भाऊ असता तर मी महिनाअखेर वगैरे म्हटलं नसतं.

आता पुढचं नीट वाच आणि पाठ कर. बाबा आम्हाला हे परवच्यासारखं म्हणायला लावायचे. काचेत पाणी दिसत नसेल, तर पाणी सोडायचं नाही. माणसाला वाटतं कमी झालंय तर भरू या, आणि तिथेच घात होतो. आतला पत्रा तापून लाल झालेला असतो, त्यावर गार पाणी पडलं की त्याची एकदम वाफ होते आणि बॉयलर फुटतो. तेलाचा कॉक बंद करायचा, आग विझवायची आणि माणसांना घेऊन बाहेर पडायचं. बाकी जे व्हायचं ते होवो.

आणखी एक. तुमच्या इस्त्र्या वाफेबरोबर पाण्याचे थेंब टाकतात, तू नेहमी कुरकुर करतेस. ती कुरकुर चालू राहो. इस्त्र्या थेंब टाकायच्या थांबल्या आणि वाफ कोरडी येऊ लागली, तर पाणी खाली गेलंय असा संशय घे. आमच्या यंत्रात मी हे दोनदा पाहिलं आहे.

माझ्या पायांना काही झालेलं नाही, त्यांचं विचारू नकोस. तू स्वतःला जप.

जीव टांगणीला लागलेली,
ताई


२ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

आधी हे वाचा. सगळे जिवंत आहोत. कोणाला खरचटलंही नाही. आता बसून पुढचं वाचा.

पाच दिवस त्याने शपथ पाळली. फोन कपाटात, किल्ली माझ्या पदराला. सव्वीसला मी किल्ली मागितली तर म्हणाला विसरलो, दुपारी देतो. मी धोशा लावला नाही. पाच दिवस त्याचं तोंड एवढंसं झालं होतं, मला त्याची दया आली. ही माझी चूक, ती मी कोणावर ढकलत नाही.

सत्तावीसला सकाळी दहाच्या सुमाराला गरोदर बाई म्हणाली की आज चादरींवर एक डाग नाही, इस्त्र्या काय छान चालल्यात. सगळ्या खूश होत्या. मी माझी इस्त्री उचलून वाफ सोडली. कोरडी होती, ताई. नऊ वर्षांत अशी वाफ मी बघितली नव्हती. भिंतीला हात लावला तर चटका बसला, आणि रिकामा तवा विसरून गॅसवर राहिला की येतो तसा वास येत होता.

आमच्याकडे भिंतीवर आतला फोन आहे. मी बॉयलरच्या खोलीत लावला. त्याने उचलला. मी एवढंच विचारलं, पातळी किती. तो म्हणाला, चाळीस. नुसता म्हणाला नाही, आनंदाने म्हणाला. लग्नानंतर मी त्याचा असा आवाज दोनदाच ऐकला असेल. चाळीस झाली, आत्ता झाली, म्हणाला. त्याला वाटलं मी त्यासाठीच फोन केला.

मी फोन ठेवला. डोकं एकदम थंड होतं. बॉयलर फुटतोय असं ओरडले असते तर बत्तीस जणी एका दारात अडकल्या असत्या. म्हणून सांगितलं की मोठे साहेब आलेत आणि पटांगणात सगळ्यांचा फोटो काढायचाय, दोन मिनिटांत चला. अशा भराभर निघाल्या म्हणून सांगू. केस सारखे करत, एकमेकींच्या टिकल्या नीट करत. गरोदर बाई मागे राहिली होती, तिला चप्पल सापडेना. मी तिला अनवाणी ओढत नेलं.

मग बॉयलरकडे धावले. तो काचेसमोर उभा होता. फोन खाली पडलेला. काच रिकामी होती, ताई, आरपार. पलीकडची भिंत दिसत होती. गच्चीवरची टाकी कोरडी पडली होती म्हणे, पंप तासभर नुसती हवा ओढून बंद पडला होता. टाकीत नुकतंच पाणी आलं होतं आणि त्याचा हात पाण्याच्या चाकावर होता. तो ते फिरवणारच होता. मी त्याच्या हातावर पडले. पाणी नाही, ताईंनी पाणी नाही म्हटलंय, असं मी म्हणत राहिले, किती वेळा म्हटलं आठवत नाही. त्याने माझ्याकडे झोपेतून उठल्यासारखं बघितलं. मग वळून तेलाचा कॉक बंद केला. आग विझली, आणि आम्ही पळालो.

पटांगणात मी बायका मोजल्या. एकतीस भरल्या. परत मोजल्या, परत एकतीस. माझा धीर सुटला, मी आत निघाले होते. गरोदर बाईने मला धरलं आणि सांगितलं की बत्तिसाव्या तुम्हीच. मग मी तिथेच मातीत बसले. बॉयलर दोन तास आतून कण्हत होता. प्रत्येक आवाजाला आम्ही सगळ्या खाली वाकायचो. तो आमच्यापासून दूर, कुंपणाकडे तोंड करून उभा होता, पाठमोरा, मान खाली, खांदे आवळलेले. रडत असणार, म्हणून मी जवळ गेले नाही. माणसाला कधी कधी एकटं रडू द्यावं.

फुटला नाही. आतला पत्रा पोटासारखा फुगलाय, असं दुसऱ्या दिवशी कळलं. त्यावर थोडं जरी पाणी पडलं असतं तर तुम्ही हे पत्र वाचत नसता.

आता चांगलं सांगते. त्याने घरी येऊन माझ्यासमोर खेळ फोनमधून काढून टाकला. सुपरवायझरने स्वतःच वही नवी केली, महिन्याभराचं सगळं पाच, पाच, साडेचार लिहून काढलं, कारण त्याच्याही सह्या अडकल्या होत्या. मॅनेजर म्हणाले की दोष टाकीचा आणि पंपाचा, माणसाने तर वेळेवर आग विझवली. दुरुस्ती झाली की तो पुन्हा बॉयलरवर. बायका त्याच्यावर खूश आहेत. तो किती रडला ते मी सगळ्यांना सांगितलंय.

ताई, त्याला रागावू नका. पोळलाय, आता ताकसुद्धा फुंकून पिईल. आणि मॅनेजरला पत्र लिहू नका, आता गरज उरली नाही.

तुमच्या आशीर्वादाने वाचलेली,
धाकटी


७ मार्च

खारू,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी एक विचारते.

घडीबाईचं पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं. ती लिहिते की तू पटांगणात पाठ करून, मान खाली घालून उभा होतास आणि रडत होतास. मी तुला दहा महिन्यांचा असल्यापासून रडताना बघते आहे. झाकणं गेली तेव्हा, बाबा गेले तेव्हा, तिसऱ्यांदा परीक्षेला बसलास त्याच्या आदल्या दिवशी. तू पाठ करून कधी रडला नाहीस. तू समोर उभं राहून, आळीला ऐकू जाईल असा रडतोस.

तेव्हा तू काय करत होतास?

ती भोळी नाही, पण तुझ्या बाबतीत भोळी आहे. मी नाही. खरं लिही. खोटं लिहिणार असशील तर लिहू नकोस, मी काय ते समजेन.

जे असेल त्याच्यासकट तुला आशीर्वाद.

ताई


१२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

लोखंड उचलत होतो.

हे एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. पुढचं आता लिहिता येईल.

पळताना मी खाली पडलेला फोन उचलला. मुद्दाम उचलला नाही, हाताने उचलला. कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. मागे बॉयलर कण्हत होता, बायको सगळ्यांना मोजत होती, एकतीस म्हणत होती आणि तिचा आवाज फाटत होता. मी ऐकत होतो. वळून बत्तिसावी तूच, असं मला सांगता आलं असतं. मला माहीत होतं, ताई. पण चाळिसाव्या पातळीला पहिल्या अर्ध्या तासात लोखंड दुप्पट मिळतं आणि तेरा मिनिटं उरली होती. ते उचलून झालं की वळायचं, असं मी ठरवलं. तेवढ्यात दुसऱ्या बाईने तिला सांगितलं.

तू म्हणशील एवढं काय आहे त्या खेळात. काही नाही. तिसाव्या पातळीनंतर मला एक दिवस मजा आलेली नाही. एक पातळी चढलो की पुढची आणखी लांब जाते, मिळतं काय तर भिंतीचा रंग बदलतो. ती दुसरी नोकरी आहे आणि तिथे रजा नाही. खेळातल्या टोळीत परक्या माणसांच्या शिव्या खायच्या, उशीर झाला की हाकलतील म्हणून घाबरायचं. सोडायचं म्हटलं की चौदा महिन्यांचं दळण डोळ्यांपुढे येतं. सत्तावीसला चाळीस झाली तेव्हा मला आनंद झाला असं ती म्हणते. झाला असेल. तो आतल्या फोनवर बोलून संपेपर्यंत टिकला, मग मी एक्केचाळीसला किती लागेल ते बघितलं. त्र्याऐंशी दिवस. ते बघून मान वर केली तेव्हा काच रिकामी होती.

मी तिच्यासमोर खेळ काढून टाकला, तो माझ्या फोनमधून. धाकटा किल्ला तिच्या फोनवर आहे, आणि थोरला कुठल्याही फोनवर परत उघडता येतो. ती कामाला लागली की मी उघडतो. सध्या बॉयलर बंद म्हणून मला घड्या घालायला बसवलंय. तिथे मी चादरींच्या ढिगाआड बसतो. कालही बसलो. आज सकाळीही.

मला बॉयलरची भीती वाटत नाही, ताई. बॉयलर काच दाखवतो, खोटं बोलत नाही. मला माझ्या हाताची भीती वाटते. त्या भिंतीपलीकडे माझी बायको होती आणि हाताला काही वाटलं नाही.

सोमवारी दुरुस्ती पुरी होते. मंगळवारी पहिल्या पाळीला मला परत बॉयलरवर पाठवणार आहेत. सगळे तयार आहेत. मॅनेजर तयार, सुपरवायझर तयार, प्रमाणपत्र शाबूत, भोंगासुद्धा दुरुस्त केलाय. माझ्याऐवजी कोणी नाही म्हणेल, याची मी दहा दिवस वाट बघितली. कोणी म्हणत नाही.

जुनी वही सुपरवायझरने जाळायला मला दिली होती. मी जाळली नाही. परवा, शनिवारी, बॉयलर निरीक्षक तपासायला येणार आहेत. अडतीस आणि एकोणचाळीसची पानं मी त्यांच्या हातात देणार आहे आणि विचारतील ते सगळं सांगणार आहे. प्रमाणपत्र जाईल, ते परत मिळणार नाही. सुपरवायझरही अडकेल, त्याची मला लाज वाटते. पण मंगळवारी मी त्या काचेसमोर नसेन एवढं पक्कं होईल. दुसरा कुठला उपाय मला माझ्यावर चालेलसा वाटत नाही. माझी शपथ तू बघितलीस, पाच दिवसांची निघाली.

हे पत्र शनिवारी तुझ्या हातात पडेल, म्हणजे तोवर झालेलं असेल. जमलं तर रविवारी ये. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी ये. आणि आलीस की दोन्ही फोन तुझ्या पिशवीत टाक, मी कितीही गयावया केली तरी देऊ नकोस. मी करीन.

एकच गोष्ट मला जमत नाही, ती तुझ्यावर टाकतो. ती सगळीकडे सांगत फिरते की तो फार रडला. बायका माझ्याशी मऊ आवाजात बोलतात. काल ती गरोदर बाई माझ्या टेबलाशी चहा ठेवून गेली, आणि जाताना म्हणाली की भाऊ, आता मनाला लावून घेऊ नका. मी चहा घेतला. ढिगाआड माझ्या दुसऱ्या हातात फोन होता.

नोकरी का गेली हे मी बायकोला सांगेन. कुंपणाशी मी काय करत होतो, ते तिला तू सांगायचं की मी सांगायचं, की नाहीच सांगायचं, ते तू ठरव. ती मला विचारत नाही. तिला वाटतं, तिला माहीत आहे.

लोभ वाढव असं म्हणायचं तोंड नाही. आहे तेवढा काढून घेऊ नकोस.

तुझा,
खारू